एक परस पाणी

फोन वाजला तेव्हा प्रणितानं चहाचं आधण गॅसवर ठेवलं होतं. सकाळी या वेळेला फोन आला म्हणजे तो आप्पांचाच. तिनं हात पुसले, कागद पुढं ओढला आणि फोन खांदा व कान यांच्यात धरला.

“लिही,” आप्पा म्हणाले. “कालच्यापेक्षा एक बोट खाली.”

“एक बोट म्हणजे शास्त्रीय भाषेत किती?”

“शास्त्रीय भाषा तस्नीमकडं. तुला बोट.”

“मग काय लिहू? ‘पातळीत किंचित घट’?”

“घट नको. घट म्हटलं की लोकांना नवरात्र आठवतं. ‘पाणी एक बोट उतरलं, जपून वापरा.’ झालं.”

“जपून वापरा तर मी रोजच लिहिते.”

“वापरतात पण रोजच ना.”

ती हसली. लातूरला पाठ्यपुस्तकांच्या एका छापखान्यात ती संपादक होती. तिचे वडील, आप्पा, अंबाजोगाईच्या पलीकडं, बालाघाटच्या माथ्यावरच्या शीतविज्ञान केंद्रात. रोज सकाळी ते तिला जमिनीखालच्या पाण्याचं वाचन सांगत, ती ते साध्या मराठीत दोन ओळींत बसवी, आणि ती पाणीवार्ता डोंगराभोवतालच्या गावांतल्या फोनवर जाई. बोलणं एवढंच. तब्येत, जेवण, एकटेपणा हे विषय त्या घरात कधी नव्हतेच.

“एकदा येऊन बघ की धागा,” आप्पा म्हणाले. “सगळ्या तालुक्यानं बघितला, तू तेवढी राहिलीस.”

“तुम्ही दारात वजनकाटा ठेवलाय म्हणे.”

“मंत्र्याचंसुद्धा वजन केलं मी. त्यानं पोट आत ओढून बघितलं, काटा काही फसला नाही.”

“दिवाळीनंतर येते.”

“ये. ठेवतो.”

त्या दिवशी तिनं सातवीच्या भूगोलाची मुद्रितं तपासली, संध्याकाळी भेंडी केली, ती जरा करपली. लक्षात ठेवावं असं काहीच घडलं नाही.

दुसऱ्या सकाळी फोन आला तो केंद्रातल्या तस्नीमचा. वाचन घेऊन आप्पा बाहेर आले, पायरीवर बसून चप्पल घालू लागले आणि उठलेच नाहीत. एक चप्पल पायात होती.

लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे आप्पांना बसवून माती दिली. लोकांनी बेलपत्र वाहिलं. प्रणिता शेवटपर्यंत उभी होती आणि कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांची विचारपूस करत होती. बायका एकमेकींत म्हणाल्या, मोठी धीराची आहे.

*

आप्पांचं, म्हणजे वीरभद्र हिप्परगे यांचं, आयुष्य गोठलेल्या वायूंमध्ये गेलं. कुणी विचारलं की ते समोरच्याला जाजमावरून उठवत आणि समजावून सांगत. हे एवढं मोठं जाजम ओढून हलायचं नाही. पण एका कडेला सुरकुती पाडली आणि ती पुढं ढकलत नेली, तर जाजम बिनबोभाट सरकतं. लोखंड वाकतं तेही असंच. अणूंच्या सगळ्या रांगा एकदम सरकत नाहीत, आतून एक सुरकुती धावत जाते. प्रत्येक पावलाला तिच्यापुढं एक बांध असतो, आणि बांध चढायचं बळ तिला उष्णतेतून मिळतं. गारठा वाढवत नेला की ते बळ आटतं, सुरकुती बांधाशी अडते, आणि वस्तू वाकायच्याऐवजी कडकन मोडते.

“पण हायड्रोजन!” इथं आप्पांचा आवाज लाडावायचा. सगळ्यांत हलका वायू. तो गोठवून स्फटिक केला, पार निरपेक्ष शून्याच्या उंबऱ्याशी नेला, तरी त्याचे रेणू एका जागी गप बसत नाहीत. क्वांटम नियमांनी त्यांची जागाच जरा पसरट, धूसर असते. त्यामुळं सुरकुतीला बांध चढावाच लागत नाही. ती बांधातूनच पलीकडं निघते. पुस्तकांत याला टनेलिंग म्हणतात. आप्पा पाझर म्हणायचे. पाझर तलावांच्या मुलखातल्या माणसाला दुसरा शब्द कशाला सुचेल?

या पाझराचा एक परिणाम होता, आणि त्यावर आप्पांनी उमेद पणाला लावली होती. इतर पदार्थ हलका भार मनावर घेत नाहीत. भार काढला की पुन्हा जसेच्या तसे. नीट मुरवलेल्या, निर्भेळ हायड्रोजनचा स्फटिक मात्र कितीही हलक्या भारानं लांबतो. अगदी सावकाश लांबतो, पण कायमचा. त्याला क्षुल्लक असं काही नसतंच.

आप्पांनी शेवईएवढा बारीक धागा वाढवला आणि केंद्रातल्या एका खोल खड्ड्यात, हेलियमच्या गारठ्यात टांगला. त्याच्या टोकाच्या वजनाचा बहुतेक भार चुंबकानं उचलून धरलेला. वरची किरकोळ बाकी तेवढी धाग्यावर. जमिनीखाली पाणी वाढलं की जमिनीची ओढ केसाएवढी वाढे आणि धागा जरा लवकर लांबे; पाणी घटलं की तो रेंगाळे. बालाघाटच्या काळ्या पाषाणात पाणी फक्त भेगांतून राहतं. त्यामुळं थोडं पाणी आलं तरी पातळी भराभर चढते. म्हणजे अगदी थोडा फरक ओळखावा लागतो, आणि तो हा धागा ओळखत होता.

धाग्याचं शून्य, म्हणजे मोजायची सुरुवात, आप्पांनी खडकदरा गावातल्या जुन्या विहिरीत माणसाकरवी दोर सोडून, पाण्याच्या खोलीवरून लावलं होतं. पुढं ती विहीर तळापर्यंत कोरडी झाली, आणि ताडून पाहायला धाग्याशिवाय काही उरलं नाही. नंतर कायदाच झाला: धाग्यानं हो म्हटल्याशिवाय डोंगराच्या परिसरात कुणी बोअर घ्यायची नाही. आधी लोकांनी शिव्या घातल्या. मग उन्हाळ्यातही हंडाभर पाणी मिळू लागलं तशा शिव्या कमी झाल्या. केंद्रातली मंडळी धाग्याला शेवई म्हणत, आणि गावं आप्पांना शेवईवाले आप्पा.

*

आप्पांच्या मागं वाचन यंत्रावर गेलं. सकाळच्या वाचनाच्या तासात हेलियमचा व्हॉल्व्ह आप्पा हातानं सांभाळत. तिथं मोटर बसवली. पहिलं वाचन आलं आणि तस्नीमचा आवाज फोनवर थरथरला.

“ताई, पाणी वाढलंय! एक परस!”

एक परस म्हणजे उभ्या माणसाएवढी खोली. त्या पाषाणात ती म्हणजे चैनच. तस्नीम काझी आप्पांची विद्यार्थिनी, उदगीरची, अतिशय चिकित्सक मुलगी. तिनं मोटर तपासली, चुंबक तपासला, तापमान पाहिलं. सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. परतीचा पाऊस उशिरा झिरपला असणार, असं ठरलं.

खडकदऱ्याच्या सरपंच सत्यभामाबाई केंद्रे यांचं काही वेगळंच ठरलं होतं. त्यांनी प्रणिताला फोन केला.

“पाऊसबिऊस काही नाही हो ताई. आप्पांनी जाता जाता दिलंय ते पाणी. आमच्यात सगळे तेच म्हणायलेत. त्या माणसानं जन्मभर नाही म्हणलं आम्हाला, आता जाताना एकदाच हो म्हणलाय.”

“असं काही नसतं, सत्यभामाबाई.”

“नसंल. पण तुम्ही नाही म्हणू नका, तुम्हाला आमची आण. बोअरी घ्यायच्या, टाकी बांधायची, टाकीला आप्पांचं नाव द्यायचं. ग्रामसभेला तुम्ही यायचं. साडी नेसून या, ते पँटवर नका येऊ.”

प्रणिता असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नव्हती. तरी ‘पाणी एक परस वाढलं’ हे वाक्य तिनं पाणीवार्तेत लिहिलं, एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. त्या रात्री, कितीतरी दिवसांनी, तिला गाढ झोप लागली. सकाळी तिला स्वतःचीच लाज वाटली. पण ते वाक्य गोड होतं. आप्पा नसल्यापासून आलेली ती पहिली चांगली बातमी होती, आणि तिच्यावर आप्पांचं नाव होतं.

*

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी ती केंद्रात पोचली. धाग्याच्या खोलीच्या दारात तो काटा होताच.

“चप्पल काढून, ताई,” तस्नीम म्हणाली. “सरांचा नियम आहे.”

“मोठ्यानं वाचू नकोस.”

“मनातल्या मनात वाचते. पण यंत्राला सांगावं लागेल.”

खोली लहान, गार आणि कमालीची स्वच्छ होती. मधोमध जमिनीत एक गोल लोखंडी झाकण, त्याखाली धागा. झाकणावर एक लाकडी स्टूल आणि त्यावर बसून बसून चपटी झालेली गादी. भिंतीकडं एक पिवळी फरशी.

“तुम्ही या फरशीवर उभ्या राहा. इथून धागा किती लांब ते यंत्राला माहीत आहे. तुमचं वजन सांगितलं की तुमची ओढ हिशोबातून वजा होते.”

“म्हणजे मी नसल्यासारखीच.”

“यंत्रापुरती!”

प्रणिता फरशीवर उभी राहिली. पाहायला तसं काहीच नव्हतं. पंपाची घरघर आणि भिंतीवर एक हळूहळू सरकणारा आकडा. तिची नजर पुन्हा त्या गादीवर गेली.

“आप्पा तिथं बसायचे?”

“रोज. व्हॉल्व्ह त्यांच्या हाताशी होता. वाचनाचा तासभर दार बंद, आत फक्त सर. मग बाहेर यायचे आणि तुम्हाला फोन.” तस्नीम प्रणिताकडं वळली. “एक सांगू? वाचन आपोआप तुमच्याकडं पोचायची सोय केव्हाची होती. मीच केली होती. सरांनी बंद ठेवायला लावली.”

“का?”

“म्हणाले, राहू दे, मी सांगतो तिला.”

प्रणितानं गादीवरची नजर काढून घेतली. काहीतरी विचारायला हवं म्हणून तिनं विचारलं, “मग आत येताना तेही वजन करायचे?”

“सर?” तस्नीम हसली. “सर काय पाहुणे होते का?”

मुद्रितं तपासणाऱ्याला चुकीचं अक्षर चटकन दिसतं. गळलेलं अक्षर दिसत नाही, कारण तिथं पाहायला काही नसतं. ते सापडायला वाक्य मोठ्यानं वाचावं लागतं. तस्नीमनं आपलं वाक्य नुकतंच मोठ्यानं म्हटलं होतं. तिचं हसू तोंडावरच राहिलं.

“या अल्ला,” ती म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

मग ती हळूहळू, तुटक बोलत गेली. प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला ओढते. जमिनीखालचं पाणी धाग्याच्या टोकाचं वजन खाली ओढतं, तसा त्यावर बसलेला माणूस ते वर ओढतो. नगण्य, पण ओढतो. आणि या धाग्याला नगण्य कळतं. विहिरीत दोर सोडून शून्य लावलं त्या तासातही आप्पा स्टुलावर होते, आणि नंतरच्या प्रत्येक वाचनालाही होते. त्यामुळं आकडे बरोबर येत राहिले. आता वरची ओढ गेली. धागा लवकर लांबू लागला, अगदी खाली पाणी आल्यासारखा.

“मंत्री वजा केले,” तस्नीम म्हणाली, “शाळेच्या सहलीतली पोरं वजा केली, पंप दुरुस्त करणारा, झाडणाऱ्या मावशी, सगळे. सर कुणाच्या लक्षातच आले नाहीत. सरांच्यासुद्धा.”

“खात्री आहे?”

“उद्या सकाळी कुणीतरी स्टुलावर बसायला हवं. मग कळेल.”

“मी बसते.”

तस्नीमनं मान डोलावली, पण तिच्या डोळ्यांत काही वेगळंच होतं. “ताई, हे बाहेर गेलं तर सरांची चूक म्हणतील. पेपरात तेवढंच येईल. ज्यांनी शिव्या दिल्या होत्या ते पुन्हा सुरू होतील. आपण असं लिहू: ‘व्हॉल्व्हची रचना बदलल्यामुळे वाचनात तफावत.’ खोटं नाही ना ते?”

ते वाक्य निर्दोष होतं. अशी वाक्यं प्रणितानं जन्मभर तपासली होती. कर्ता नसलेली, कुणालाच न दुखावणारी. पण अशा वाक्यानं सत्यभामाबाईंची बोअर थांबणार नव्हती. यंत्राचं काहीतरी बिघडलं असेल, आप्पांचं पाणी खरंच आहे, असं म्हणून गाव खणायला लागलं असतं. पाषाणात उरलेलं पाणी उसाला जाऊन उन्हाळ्याआधी आटलं असतं, आणि ते आटवणाऱ्या टाकीवर आप्पांचं नाव असतं.

“बघू,” ती म्हणाली.

*

सकाळी वाचनाच्या वेळी ती काट्यावर चढली, पण या वेळी ते वजन यंत्राला सांगितलं नाही. ती आत गेली आणि स्टुलावर बसली. तस्नीमनं दार ओढून घेतलं.

हलायचं नव्हतं. गादी तिच्यासाठी नव्हती. मधला खळगा तिच्यापेक्षा रुंद माणसाचा होता. पायाखाली लोखंड, लोखंडाखाली गारठा, आणि त्या गारठ्यात शेवईएवढा एक धागा, ज्याला तिच्या असण्याचा भार या क्षणी कळत होता. असं दुसऱ्या कुणाला ती कधी कळू देत नसे.

आई गेली त्या वर्षी तिच्या मनात आलं होतं की आप्पांना म्हणावं, लातूरला चला. ती म्हणाली होती, “तुमचं तिकडं काम असतं.” आणि आप्पा म्हणाले होते, “हो, असतं.” त्यानंतर काही दिवसांतच वाचनाचे फोन सुरू झाले. तिनं ते काम म्हणून स्वीकारलं, काम म्हणूनच केलं. एका बोटाला काय म्हणायचं, उतरलं लिहायचं की घसरलं, यावर किती वाद घातले होते दोघांनी. ज्याला जे सांगायचं होतं ते त्याच बोटाच्या आडून, पाझरत पाझरत पलीकडं पोचत होतं. पोचत होतं, असं निदान आत्ता तिला वाटलं. तिच्याकडून तिकडं काय पोचलं, हे मात्र तिला काही केल्या आठवेना.

दार उघडलं. तस्नीमच्या चेहऱ्यावर आकडा वाचता येत होता.

“उतरलं,” ती म्हणाली. “तुमचं वजन सरांपेक्षा कमी, तो फरक धरला तर बरोबर एक परस.”

*

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. प्रणिता साडी नेसून गेली. व्यासपीठावर आप्पांचा फोटो, त्याला झेंडूचा हार. बोअरच्या गाडीवाल्याला कुणीतरी आधीच बोलावून ठेवलं होतं. गाडी रस्त्याकडेला उभी होती आणि पोरं तिच्यावर चढत होती.

सत्यभामाबाई माईकवर होत्या. “या माणसानं आम्हाला लई छळलं,” त्या म्हणाल्या आणि पटांगण हसलं. “बोअर मागितली की नाही. हात जोडले की नाही. माझ्या भावाच्या पोरानं चोरून मशीन आणली, तर हे आप्पा त्या मशीनपुढं खुर्ची टाकून बसले. दिवसभर! वरून मलाच चहा मागितला. आणि तेच आप्पा आज आम्हाला पाणी देऊन गेले. ताई, या, नारळ तुम्ही फोडायचा.”

प्रणिता उठली. कुणीतरी तिच्या हातात नारळ दिला. तो तिनं तसाच टेबलावर ठेवला आणि माईक धरला.

“नारळ नका फोडू,” ती म्हणाली. “पाणी वाढलेलं नाही.”

कुजबुज झाली. मागून कुणीतरी ओरडलं, “तुम्हीच लिव्हलं की, एक परस!”

“मीच लिहिलं. चुकलं. धागा टांगलाय त्याच्या वर आप्पा बसायचे. त्यांच्या वजनानं वाचनात जो फरक पडायचा तो हिशोबात कधी धरलाच नव्हता. आता ते तिथं बसत नाहीत, म्हणून आकडा चढलाय. आज सकाळी मी बसून पाहिलं. आकडा उतरला. ते पाणी नाही. तिथं माणूस कमी झालाय.”

सत्यभामाबाईंनी दुसरा माईक तोंडाशी नेला, मग बाजूला ठेवला आणि नुसत्या आवाजात विचारलं, “म्हणजे आप्पांची चूक म्हणता?”

तस्नीमनं पहिल्या रांगेतून प्रणिताकडं पाहिलं. निर्दोष वाक्य अजूनही हाताशी होतं.

“हो,” प्रणिता म्हणाली. “सगळ्यांना धरलं, स्वतःला धरायचं विसरले. घरातही तसंच होतं त्यांचं. पण ते असेपर्यंत त्यांचा आकडा कधी चुकला नाही. तुमचं पाणी त्यांनी बरोबर मोजलं. शिव्या द्यायच्या तर मला द्या, पण खणू नका.”

बोअरच्या गाडीवरून पोरं एकेक करून उतरली. एक म्हातारी पदर डोळ्यांना लावत शेजारणीला म्हणाली, “येवढा होता व्हय गं तो माणूस? परसभर?”

सत्यभामाबाई प्रणिताजवळ आल्या. रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी तिचा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, “पाण्याचं जाऊ द्या माय. ते आम्ही बघतो, बघतच आलोय. तुम्ही रडलात का आप्पांसाठी? मातीच्या दिवशी मी बघत होते तुम्हाला.”

प्रणितानं नाही अशी मान हलवली. माईक अजून तिच्या हातात होता, चालू होता. तो बंद करायचं तिला भान नव्हतं, आणि तिचा आवाज पटांगणापार, रस्त्याकडेच्या गाडीपर्यंत ऐकू गेला.

“मला ते फार आवडायचे हो, सत्यभामाबाई,” ती म्हणाली. “रोज फोन करायचे, आणि मी नुसतं पाणी लिहून घ्यायचे. मला आप्पा हवे होते. अजून हवे आहेत. त्यांना मी हे एकदाही म्हटलं नाही.”